ब्लॉग आणि समाजमाध्यमांच्या परिषदेला जाताना

ब्लॉगलेखन आणि समाजमाध्यमे या विषयावरील परिषदेला जायचे ते केवळ व्याख्याने ऐकण्यासाठी नव्हे. बहुतेक व्याख्याने पुढे यूट्यूबवर येतात आणि ती घरी बसून, थांबत थांबत, अधिक चांगली ऐकता येतात. घरी बसून मिळत नाही ती गोष्ट वेगळी आहे : आपल्याच क्षेत्रात राबणाऱ्या माणसाने शेजारी बसून आपले काम पाहावे आणि ते नेमके कुठे अडते हे आपल्याला दाखवून द्यावे. परिषदेची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी करावी, असे मला मनापासून वाटते.

हे नाशिककरांना मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. आपल्या शहराला ऐकण्याची परंपरा मोठी आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे, आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरली की उकाड्यातही लोक शेवटपर्यंत बसून राहतात. या सवयीचा मला अभिमान आहे. मात्र परिषदेत निव्वळ श्रोता होऊन बसले, तर तिकीट, प्रवास आणि सुट्टीचा दिवस एवढे खर्चून हाती फार थोडे लागते.

परिषद निवडताना

या विषयावरच्या सगळ्या परिषदा सारख्या नसतात. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीचा वापर करणाऱ्यांचे वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाले आणि पुढे जगभर पसरले. नाशिकलाही वर्डकॅम्प भरलेला आहे. त्याचे आयोजक आणि वक्ते स्वयंसेवक असतात, तिकीट सामान्य माणसाला परवडेल असे ठेवलेले असते, आणि नवख्याला तिथे संकोच वाटत नाही. २००५ मध्ये पालो आल्टोत सुरू झालेल्या बारकॅम्पची रीत आणखी मोकळी आहे : आधी ठरवलेली कार्यक्रमपत्रिका नसते, आलेली माणसेच सकाळी फळ्यावर आपापले विषय लिहितात आणि दिवसभराची सत्रे त्यातून ठरतात. तिसरा प्रकार म्हणजे कंपन्यांनी आणि जाहिरात संस्थांनी भरवलेल्या परिषदा. तिथे ओळखी होतात, व्यवसायाची दिशा कळते. पण काही कार्यक्रम फुकट प्रवेश देऊन दिवसभर एखादा महागडा अभ्यासक्रम गळ्यात मारण्यासाठीच योजलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

नोंदणीपूर्वी कार्यक्रमपत्रिका शांतपणे वाचावी. वक्ते स्वतः काही लिहितात का, की फक्त लिहिण्यावर बोलतात, हे त्यांचे ब्लॉग उघडून पाहावे. प्रत्येक सत्राला प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे का, दोन सत्रांमध्ये पुरेशी मोकळीक आहे का आणि एखादे तरी सत्र मराठीत आहे का, हे पाहावे. चहाला जेमतेम दहा मिनिटे ठेवणारी परिषद माणसांना एकमेकांशी बोलू देत नाही, म्हणून अशा ठिकाणी जाण्याआधी मी दोनदा विचार करीन.

प्रश्न घेऊन जा

‘माझा ब्लॉग कसा वाढेल?’ या प्रश्नाला कोणीही उपयोगी उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात आपल्या कामाची काहीच माहिती नसते. ‘माझे बहुतेक वाचक व्हॉट्सॲपवरून येतात, एक लेख वाचतात आणि परत जातात, त्यांना दुसऱ्या लेखापर्यंत कसे न्यावे?’ असे विचारले, तर समोरच्याला बोलायला धागा मिळतो. असा प्रश्न सुचण्यासाठी आठवडाभर आधी आपल्या ब्लॉगची आकडेवारी पाहावी लागते. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये वाचक काय शोधत आपल्यापर्यंत आले, आपला लेख शोधनिकालांत किती वेळा दिसला आणि त्यांपैकी किती जणांनी तो उघडला, हे विनामूल्य पाहता येते. त्यातले जे आकडे आपल्याला चमत्कारिक वाटतील, ते कागदावर उतरवून घ्यावेत. प्रश्न तिथेच दडलेला असतो.

हे किती उपयोगी पडते ते एका परिषदेतल्या चहाच्या वेळी मी जवळून पाहिले. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आपल्या बागेविषयी ब्लॉग लिहीत असत. खरड छाटणीपासून गोडी छाटणीपर्यंतचे सगळे अनुभव त्यात होते, पण वाचक येत नव्हते. शेजारच्या टेबलावरच्या एका तरुणीने स्वतःच्या फोनवर त्यांचे पान उघडले. पान उघडता उघडेना, कारण कॅमेऱ्यातून निघालेली छायाचित्रे लहान न करता जशीच्या तशी चढवलेली होती. नंतर तिने लेखांची शीर्षके वाचली. भुरी रोगावर त्यांनी फार बारकाईने लिहिलेल्या लेखाचे शीर्षक ‘मळ्यातील एक सकाळ’ असे होते. ती म्हणाली, ‘काका, पानावर पांढरी भुकटी दिसल्यावर शेतकरी घाबरून जे शब्द फोनवर टाइप करील, ते शब्द शीर्षकात हवेत.’ त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ‘द्राक्षावरील भुरी : लक्षणे आणि मी केलेले उपाय’ असे नवे शीर्षक लिहिले. दोन तासांच्या व्याख्यानातून त्यांना हे इतके नेमके कळले नसते, कारण व्याख्यात्याने त्यांचा ब्लॉग पाहिलेलाच नव्हता.

मराठीत लिहिणाऱ्यांनी काही प्रश्न खास आपले म्हणून न्यावेत, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्या वक्त्यांना ते सहसा पडत नाहीत. ज्यांचे जुने लेखन श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे, त्यांना ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणल्याशिवाय शोधयंत्रांपर्यंत पोहोचवता येत नाही. रूपांतर करताना जोडाक्षरे कुठे मोडतात, हे अनुभवी माणसालाच विचारावे. दुसरी अडचण आणखी सूक्ष्म आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ऱ्या दोन प्रकारे टंकता येतो : एकदा नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरून, आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती निराळी अक्षरे आहेत, म्हणून एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. असा प्रश्न परिषदेत उभा राहून विचारला, तर त्याचा उपयोग सभागृहातल्या प्रत्येक मराठी लेखकाला होतो.

पोहोचणे आणि सोबत न्यायच्या गोष्टी

परिषद नाशिकला असेल, तर बाहेरगावाहून येणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की रेल्वे स्थानक नाशिकरोडला आहे आणि तिथून मुख्य शहर बरेच दूर आहे. सिटीलिंक या शहर बससेवेची बस किंवा रिक्षा धरून गंगापूर रोडकडे जायला सकाळच्या गर्दीत चांगलाच वेळ लागतो. मुंबईहून येणाऱ्यांना पहाटेची तपोवन एक्स्प्रेस आहे, पण नोंदणी लवकर सुरू होणार असेल तर आदल्या संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने येऊन मुक्काम केलेला बरा. मुंबईकडून एसटीने येणाऱ्यांना मुंबई नाक्याजवळचे महामार्ग बसस्थानक सोयीचे पडते, तर पुण्याची गाडी नाशिकरोड आणि द्वारका करत शहरात येते. कार्यक्रम शालिमारच्या गजबजलेल्या बाजूला असेल, तर स्वतःची चारचाकी नेऊ नये.

फोन पूर्ण चार्ज करून न्यावा, सोबत पॉवर बँक आणि साधी वही असावी. आपल्या सर्वांत चांगल्या लेखाचा दुवा क्यूआर कोडच्या रूपात छापलेले छोटे कार्ड जवळ असेल, तर नाव सांगताना पत्त्याची अक्षरे एकेक करून सांगावी लागत नाहीत. कार्डावर मोबाइल क्रमांकाऐवजी ईमेल पत्ता द्यावा. विशेषतः समाजमाध्यमांवर त्रास सोसलेल्या महिलांनी स्वतःचा क्रमांक अनोळखी माणसांच्या हाती देण्याचे कारण नाही. सभागृहातल्या खुल्या वायफायवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

सभागृहात

एकाच वेळी दोन दालनांत सत्रे असतील, तर आपल्या प्रश्नाशी संबंध असलेले सत्र आधी निवडावे. त्याशिवाय दिवसात एक सत्र मुद्दाम अपरिचित विषयाचे ऐकावे; कवितेचा ब्लॉग लिहिणाऱ्याने अंधांसाठी संकेतस्थळ वाचनीय कसे करावे हे ऐकले, तर छायाचित्राखाली वर्णन का लिहायचे हे त्याला आयुष्यभरासाठी कळते. वक्त्याच्या पडद्यावरचा मजकूर उतरवून घेण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी वहीत दोनच प्रकारच्या नोंदी कराव्यात : मी माझ्या ब्लॉगवर काय बदलणार, आणि यातले काय मला अजून पटलेले नाही.

प्रश्न विचारताना नाव, गाव आणि थेट प्रश्न एवढेच सांगावे. वक्त्याची स्तुती, स्वतःचा प्रवास आणि शेवटी ‘यावर आपले मत काय?’ असा क्रम आपल्याकडे फार चालतो आणि त्यात मागच्या चार जणांचा वेळ जातो. आपला प्रश्न आधी कागदावर लिहून, मोठ्याने एकदा वाचून पाहावा. मराठीत विचारायला मुळीच कचरू नये. वक्ता अमराठी असेल, तर सूत्रसंचालकाला भाषांतर करण्याची विनंती करावी.

परिषदेत बसल्या बसल्या समाजमाध्यमांवर लिहिण्याची रूढी जुनी आहे. २००७ च्या ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर हॅशटॅगची, म्हणजे विषयाच्या नावाआधी # चिन्ह लावण्याची, कल्पना मांडली तेव्हा उदाहरण म्हणून बारकॅम्पचेच नाव घेतले होते, म्हणजे हॅशटॅगचा उगमच अशा मेळाव्याच्या आठवणीने झालेला आहे. आयोजकांनी ठरवलेला हॅशटॅग जसाच्या तसा वापरावा, मध्ये जागा सोडू नये, नाहीतर तो तिथेच तुटतो. वक्त्याचे वाक्य देताना ते पूर्ण द्यावे आणि त्याचे नाव जोडावे. ‘रोज लिहा, पण रोज प्रकाशित करू नका’ यातला निम्माच भाग कोणी पसरवला, तर वक्त्याच्या तोंडी उलटाच सल्ला जातो. सत्र चालू असताना सतत लिहीत राहिल्याने ऐकणेही होत नाही आणि लिहिणेही. चहाच्या वेळी नोंदींवरून चार ओळी लिहिलेल्या पुरतात. छायाचित्र टाकण्यापूर्वी त्यातल्या माणसांना विचारावे, आणि पडद्यावर कोणाच्या ग्राहकांची आकडेवारी किंवा खासगी माहिती दिसत असेल, तर ते छायाचित्र टाकूच नये.

चहा आणि जेवणाच्या वेळा मात्र पूर्णपणे माणसांना द्याव्यात. ओळखीच्या घोळक्यात उभे राहू नये. एकट्या उभ्या असलेल्या माणसाकडे जाऊन, तुम्ही काय लिहिता, असे विचारावे आणि त्याचे पान आधी आपल्या फोनवर उघडावे. आपले काम दाखवण्याची पाळी मग आपोआप येते, आणि दुसऱ्याचे वाचून झाल्यावर मिळालेला सल्ला अधिक मनापासूनचा असतो.

जाहिरातदारांचे प्रतिनिधीही याच वेळी भेटतात. भारतीय जाहिरात मानक परिषद या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) मार्गदर्शक तत्त्वे आणली, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही याविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास किंवा मुक्काम घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस केली, तर ते ठळकपणे आणि शिफारशीच्याच भाषेत सांगावे लागते. मराठी मजकुराच्या शेवटी हॅशटॅगांच्या गर्दीत एक इंग्रजी शब्द दडवून भागत नाही. परिषदेचा प्रवेश वृत्तांत लिहिण्याच्या बदल्यात फुकट मिळाला असेल, तर तेही वृत्तांताच्या आरंभी लिहावे. वाचकाचा विश्वास हेच आपले भांडवल असल्यामुळे, नियम नसता तरी मी हे लिहिले असते.

परतल्यावर

त्याच रात्री वही उघडून नोंदी पूर्ण कराव्यात, कारण दुसऱ्या दिवशी स्वतःचेच अक्षर आणि स्वतःचेच संक्षेप लागत नाहीत. ज्यांच्याशी खरोखर बोलणे झाले अशा दोघा-तिघांनाच पत्र लिहावे आणि त्यात झालेल्या बोलण्याचा नेमका संदर्भ द्यावा. ब्लॉगवर एका वेळी एकच बदल करावा. शीर्षके, मांडणी आणि छायाचित्रे एकाच दिवशी बदलली, तर वाचक कशामुळे वाढले किंवा घटले हे पुढे कळत नाही. सर्च कन्सोलमध्ये फरक दिसायलाही काही आठवडे जाऊ द्यावे लागतात.

आठवड्याच्या आत वृत्तांत लिहावा, आणि तो सुरगाण्यातल्या, कळवणमधल्या किंवा मालेगावातल्या अशा वाचकासाठी लिहावा ज्याला येणे शक्य झाले नाही. दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झाले आणि आभार कोणी मानले, हे त्या वाचकाच्या उपयोगाचे नाही. कोणत्या अडचणीवर काय तोडगा सांगितला गेला, तो करून पाहण्याची पद्धत कोणती आणि आपण तो करून पाहिला तेव्हा काय झाले, हे त्याला हवे असते. वक्त्याने सांगितलेला आकडा मूळ ठिकाणी तपासूनच द्यावा, आणि शंका असेल तर मसुदा वक्त्याला पाठवून दुरुस्ती मागावी. बहुतेक वक्ते आनंदाने उत्तर देतात.

आयोजकांचा अभिप्रायाचा अर्ज येतो, तो टाळू नये. ‘उत्तम आयोजन’ एवढेच न लिहिता, सत्रांची ध्वनिचित्रमुद्रणे मराठी उपशीर्षकांसह द्यावीत, मराठी टंकलेखनावर एक प्रात्यक्षिक सत्र ठेवावे आणि एकमेकांचे ब्लॉग पाहण्यासाठी वेगळा तास राखावा, अशा मागण्या त्यात नावानिशी लिहाव्यात. त्या तासासाठी स्वयंसेवक म्हणून आपण येऊ शकत असू, तर तेही त्याच अर्जात कळवावे.