भरतीच्या ग्राउंडआधी कंबर धरली तर

पोलीस भरतीचे १६०० मीटर आठ-दहा दिवसांवर आलेत आणि रोज डांबरी रस्त्यावर पळून कंबर धरलीय? सराव बंद करू नका, बदला.

१. मातीच्या मैदानावर या. जोरात पळणं एक दिवसाआड, मधल्या दिवशी नुसतं भरभर चालणं.
२. पावलं छोटी टाका. टाच लांब पुढे आपटली की हिसका वर कंबरेपर्यंत जातो. खरा फरक मला इथेच पडला.
३. पळून आल्यावर पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी ३० सेकंद धरा. उभ्यानं वाकून अंगठे पकडायची घाई नको, त्यानं माझी कंबर आणखी आखडली होती.

गोळाफेक तेवढी थांबवा. कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या, तर गोळी खाऊन पळू नका. आधी डॉक्टर गाठा.