या चुका टाळा: स्नोमोबाइलची स्की हलकी पडते, पण कारण मागे असतं

चढावर थ्रॉटल दाबला की स्की हवेत. सपाटीवर हँडल जड. आडव्या उतारावर गाडी कलवून धरायला गेलं की दमछाक. अशी तक्रार असली की बरेच जण आधी स्की बदलायला निघतात. पण स्कीवर किती भार पडायचा, हे ट्रॅकच्या, म्हणजे गाडीला पुढे ढकलणाऱ्या मागच्या रबरी पट्ट्याच्या, आतलं सस्पेन्शन ठरवतं. थ्रॉटल दिला की गाडी मागे बसते आणि पुढचा भार मागे सरकतो. तो किती सरकू द्यायचा, हे लिमिटर स्ट्रॅप (सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उघडेल ते रोखणारा पट्टा), पुढचा ट्रॅक-शॉक (ट्रॅकच्या आतला पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि मागची स्प्रिंग मिळून सांभाळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सॅग न मोजताच बाकीचं फिरवत बसणं. मागचा बंपर धरून गाडी वर उचला, सस्पेन्शन पूर्ण सुटू द्या आणि जमिनीपासून बंपरची उंची मोजा. मग बूट, हेल्मेट, पाठीवरची बॅग असा पूर्ण जामानिमा करून गाडीवर चढा आणि दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. तो मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. कमी भरला तर मागची स्प्रिंग जास्त आवळलेली आहे: मागचा भाग उंच राहतो, स्की दाबल्या जातात, हँडल जड होतं. जास्त भरला तर गाडी मागे बसकण मारते आणि भुसभुशीत बर्फात ट्रॅक पुढे जाण्याऐवजी चर खणतो.

सॅग जमल्यावरच लिमिटर स्ट्रॅपला हात लावा. तो आखूड केला की चढावर स्की खाली राहतात, पण वळवायला जोर लागतो. लांब केला की गाडी हलकी, खेळकर होते आणि पुढून लवकर उठते. एका वेळी स्ट्रॅपचं एकच भोक बदला आणि त्याच चढावर पुन्हा चालवून बघा. स्ट्रॅप आणि स्प्रिंग एकदम बदलली, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळायला मार्गच उरत नाही.

रचनेचा स्वभावही ओळखायला हवा. स्की-डूने २०१३च्या समिट मॉडेलमध्ये आणलेल्या टी-मोशन सस्पेन्शनमध्ये रेल (ट्रॅकला आतून आधार देणाऱ्या लांब दांड्या) थोड्या बाजूला कलू शकतात. आर्क्टिक कॅटच्या २०१९च्या अल्फा वनमध्ये तर मधोमध एकच रेल आहे. अशी गाडी आडव्या उतारावर सहज कलते, कडक बर्फावर मात्र जरा डोलते. ते डोलणं म्हणजे स्प्रिंग मऊ पडली असं समजून प्रीलोड (स्प्रिंगचा आवळ) वाढवलात, तर ज्या गुणासाठी ती गाडी घेतली तोच मारला जाईल.

एअर शॉक असतील तर ऊबदार गॅरेजमध्ये हवा भरून निघू नका. २० अंश सेल्सिअसला भरलेले १५० पीएसआय उणे १५ अंशांवर साधारण १३० होतात. गाडी थंडीत पूर्ण गार होऊ द्या, मगच दाब तपासा.

ट्रॅकचा ताण बघायलाही विसरू नका. फार घट्ट ट्रॅक इंजिनची ताकद खातो; फार सैल असेल तर जोरात थ्रॉटल किंवा ब्रेक मारताना दात घसरल्याचा खटखट आवाज येतो.

आणि काल छान चालणारी गाडी सकाळी दगडासारखी कडक लागली, तर पाना उचलण्याआधी खाली वाकून बघा. ओला बर्फ रात्रीत सस्पेन्शनच्या आर्ममध्ये गोठून बसलेला असतो. तो आदल्या संध्याकाळीच झाडून काढायला हवा होता.