व्हॉल्व बदलण्याआधी बल्ब बघा

अकोल्याच्या एका मंगल कार्यालयातला साडेआठ टनी डक्टेबल एसी बघायला मला मे महिन्यात बोलावलं, तेव्हा त्याचा एक्स्पान्शन व्हॉल्व (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) आधीच दोनदा बदलून झाला होता. तरी हॉल गार होईना आणि कॉम्प्रेसरला घाम फुटलेला. गॅस आर-२२. सक्शनला (कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणारा पाइप) प्रेशर ७५ पीएसआय, म्हणजे गॅस कॉइलमध्ये साधारण ७ अंशाला उकळतोय. या पाइपला व्हॉल्वचा बल्ब बांधलेला असतो: गॅस भरलेली छोटी नळकांडी, जी पाइपच्या तापमानानुसार व्हॉल्व उघडते-मिटते. बल्बजवळ पाइपचं तापमान ८. सुपरहीट, म्हणजे या दोन तापमानांतला फरक, जेमतेम १ अंश. हवं ५ ते ७. म्हणजे न उकळलेला गॅस द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परत चालला होता. असा कॉम्प्रेसर फार दिवस टिकत नाही.

इन्सुलेशन सोडलं, तर बल्ब पाइपच्या तळाला, एका प्लास्टिकच्या टायवर लोंबकळत होता. त्याला पाइप नव्हे, भोवतालची तापलेली हवा जाणवत होती, म्हणून तो व्हॉल्व उघडाच ठेवत होता. पाइप पॉलिश पेपरने घासला. आडव्या भागावर, घड्याळातल्या चारच्या जागी (तळातून तेल वाहतं, तिथे नको) बल्ब तांब्याच्या पट्टीने घट्ट आवळला आणि वरून इन्सुलेशन गुंडाळलं. अर्ध्या तासात सक्शन ६८, सुपरहीट ६. दोन चांगले व्हॉल्व उगाच भंगारात गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

सक्शन आणि सुपरहीट दोन्ही कमी असतील, तर कॉइलवरची हवा अडली आहे. फिल्टर आणि ब्लोअरचा बेल्ट बघा. सक्शन कमी पण सुपरहीट १५-२० असेल, तर लिक्विड लाइनचं (व्हॉल्वकडे द्रव गॅस आणणारा पाइप) सबकूलिंग काढा, म्हणजे तो द्रव आपल्या उकळण्याच्या तापमानापेक्षा किती गार आहे ते बघा. तेही कमी असेल तर गळती शोधा. भरपूर असेल तर वाट कुठेतरी तुंबली आहे: ड्रायरची (गॅसमधला ओलावा शोषणारा फिल्टर) गॅस बाहेर पडायची बाजू आत शिरायच्या बाजूपेक्षा गार लागली, तर दोष ड्रायरचा. नाही लागली, तर बल्ब सोडवून मुठीत धरा. सक्शनचं प्रेशर चढलं तर व्हॉल्व चालतोय, त्याची जाळी साफ करा. ढिम्म राहिलं तर बहुधा बल्बमधला गॅस गेला.

मशीन आधी छान चालतं, मग थंडावा जातो, बंद ठेवल्यावर पुन्हा येतो? व्हॉल्ववर गरम पाण्याचं फडकं ठेवा. प्रेशर उसळलं तर आत ओलावा गोठतोय. ड्रायर बदला, ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं माप) व्हॅक्यूम करा.

व्हॉल्व खरोखरच बदलायचा असेल, तर ब्रेझिंग (पाइपचा सांधा तापवून जोडणं) करताना त्याच्याभोवती ओलं फडकं हवंच, आणि पाइपमधून नायट्रोजन हळू सोडत राहा. नाहीतर आतली काजळी नव्या व्हॉल्वच्या जाळीत जाऊन बसते.