हद्दपार स्त्री कैद्याचा जीवनपट दप्तरातून कसा मांडावा : टास्मानियाच्या नोंदींचे वाचन

ब्रिटनने १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या सुमारे १,६२,००० कैद्यांमध्ये स्त्रिया जवळपास २५,००० होत्या, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, उतरल्या. बहुतेकींचा गुन्हा किरकोळ चोरीचा होता आणि शिक्षा सात वर्षे, चौदा वर्षे किंवा जन्मठेप अशी होती. त्यांच्यापैकी फार थोड्या स्त्रियांनी स्वतः काही लिहून ठेवले. मात्र त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या सरकारने इतके तपशीलवार दप्तर राखले की एखाद्या अगदी सामान्य स्त्रीची हकिगतही त्यातून क्रमाने उभी करता येते. हे दप्तर टास्मानियाच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

शोधाची सुरुवात नावाबरोबर जहाजाच्या नावाने करावी. मेरी, अ‍ॅन, एलिझाबेथ ही नावे इतक्या जणींची होती की जहाज आणि आगमनाचे वर्ष निश्चित केल्याखेरीज पुढे जाणे म्हणजे दोन वेगवेगळ्या स्त्रियांची आयुष्ये एकत्र शिवणे होय. खटला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात चालला असेल, तर त्याचा छापील वृत्तांतही ऑनलाइन मिळतो. काय चोरले, कोणाकडून आणि साक्षीदार कोण होते, हे तेथे कळते. वर्णनाच्या नोंदवहीत उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण व गोंदण, मूळ गाव आणि पूर्वीचे काम लिहिलेले असते.

यानंतर वर्तणुकीची नोंद काढावी, आणि सर्वाधिक वेळ तिलाच द्यावा. पानाच्या वरच्या भागात खटला व शिक्षा, तुरुंगाचा अहवाल, प्रवासातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत आणि त्या स्त्रीने स्वतः सांगितलेला गुन्हा येतो. खाली वसाहतीत घडलेल्या प्रत्येक आगळिकीची तारीख, त्या वेळच्या मालकाचे (कैदी स्त्रियांना वसाहतीतील घरांत नोकर म्हणून कामाला देत) नाव, आरोप, शिक्षा आणि दंडाधिकाऱ्याची आद्याक्षरे दाटीवाटीने लिहिलेली असतात. मालकांची नावे तारखेनुसार वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत, म्हणजे ती कोणाच्या घरी किती काळ राबली याचा अंदाज येतो. आरोप वाचताना मात्र लिहिणारा हात शिक्षा देणाऱ्यांचा आहे हे क्षणभरही विसरू नये. ‘उद्धटपणा’, ‘परवानगीशिवाय गैरहजर’, ‘कामास नकार’ हे शब्द मालकाची तक्रार सांगतात. त्या घरात तिला कसे वागवले जात होते, ते सांगत नाहीत. एकाच मालकाकडून थोड्या दिवसांत तीन-चार तक्रारी आल्या आणि पुढच्या घरी वर्षभर एकही नोंद नसली, तर माझ्या मते संशय आधी मालकावर घ्यावा.

शिक्षा म्हणून अनेकदा ‘फीमेल फॅक्टरी’ येते. होबार्टमधील कॅस्केड्स येथील फॅक्टरी १८२८ मध्ये सुरू झाली. नावाने कारखाना असली तरी ती प्रत्यक्षात तुरुंग, कामगृह आणि प्रसूतिगृह होती. सर्वांत खालच्या वर्गातील स्त्रियांच्या कपड्यांवर पिवळे ‘सी’ अक्षर असे आणि कपडे धुणे, जुने दोर उसवणे ही कामे त्यांच्या वाट्याला येत. अंधारकोठडीची शिक्षाही नोंदीत आढळते. १८४४ पासून काही वर्षे आलेल्या स्त्रियांना आधी डर्वेंट नदीत नांगरलेल्या ‘अ‍ॅन्सन’ या जहाजावर साधारण सहा महिने ठेवत, म्हणून त्या वर्षापासूनच्या नोंदींची रचना वेगळी दिसते.

कामावर असताना गरोदर राहिलेल्या स्त्रीला फॅक्टरीत परत धाडत, आणि मूल अंगावरून तोडल्यावर तिला शिक्षेच्या वर्गात टाकत. या संस्थेत पुष्कळ अर्भके दगावली. म्हणून आईच्या पानावर मुलाचा उल्लेख नसला तरी जन्म-मृत्यूची नोंदवही आणि न्यू टाउनच्या अनाथालयाची दाखलनोंद जरूर तपासावी. आई जिवंत असलेली मुलेही त्या अनाथालयात पाठवली जात.

विवाहासाठी सरकारची परवानगी लागे, त्यामुळे त्या अर्जांची वही हा पुढचा दुवा ठरतो. अर्ज मंजूर झाला तरी विवाह झालाच असे गृहीत धरू नये. चर्चच्या नोंदीशी तो ताडून पाहावा. ‘टिकेट ऑफ लीव्ह’, म्हणजे मुदत संपण्याआधी स्वतःचे काम स्वतः शोधण्याची परवानगी, मिळाल्यावरही नोंदी चालू राहतात. सशर्त माफी किंवा मुदत संपल्याचा दाखला यांनंतर मात्र सरकारी पान थांबते. तेथून पुढचा शोध नवऱ्याच्या आडनावाने घ्यावा, आणि तो टास्मानियापुरता न ठेवता मुख्य भूमीवरील व्हिक्टोरिया वसाहतीच्या विवाह व मृत्यूच्या नोंदींतही करावा, कारण सुटलेल्यांपैकी अनेकजण सामुद्रधुनी ओलांडून तिकडे गेले होते.