जुन्या गेमच्या कव्हरवरची पोज कुठल्या पिक्चरमधून घेतलीय ते कसं शोधायचं

काँट्रा आपल्यातल्या कितीतरी जणांनी नव्वदीत खेळलाय, पण त्याच्या मूळ खोक्यावरचं चित्र नीट बघितलेले कमीच, कारण आपल्याकडे यायची ती नुसती कॅसेट आणि वर चिकटवलेलं छोटंसं स्टिकर. ते चित्र बॉब वेकलिन या ब्रिटिश चित्रकाराचं. आता मोठं करून बघा, पुढचे दोन्ही बंदूकवाले म्हणजे 'प्रीडेटर' पिक्चरमधला अर्नोल्ड श्वार्झनेगरच, दोन वेगळ्या पोजमध्ये, आणि मागचा राक्षस 'एलियन'च्या घराण्यातला.

असं काही सापडलं की भारी वाटतं, म्हणून मी कसं शोधतो ते सांगतो.

आधी कव्हरचा मोठा, स्वच्छ स्कॅन मिळवा. मोबीगेम्स या गेमच्या माहितीच्या साइटवर देशानुसार वेगवेगळी कव्हरं असतात, सगळी बघा, कारण जपानचं आणि अमेरिकेचं चित्र बऱ्याचदा पूर्ण वेगळं असतं. मग अख्खं कव्हर गूगल लेन्सला (चित्रावरून चित्र शोधणारं टूल) देऊ नका, ते गेमचं नाव वाचतं आणि त्याच गेमचे फोटो परत दाखवतं. एकच माणूस क्रॉप करा, लोगो अजिबात नको. नाही सापडलं तर चित्र आडवं फ्लिप करून परत टाका, डाव्याचं उजवं केलेलं असू शकतं.

आणि पिक्चर लावून पॉज करत बसू नका! त्या काळी चित्रकारासमोर असायचे ते पोस्टर, मासिकं आणि प्रसिद्धीसाठी काढलेले स्टिल फोटो, त्यामुळे जुळणारी पोज पिक्चरमध्ये नसतेच कधीकधी. 1987 चा एमएसएक्स2 या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरचा 'मेटल गिअर' हा गेम घ्या. कव्हरवरचा स्नेक, म्हणजे गेमचा हिरो, हा 1984 च्या 'टर्मिनेटर'मधला काइल रीस, ते काम करणारा नट मायकल बीन. त्याचं पिस्तूल घेतलेलं स्टिल शोधा आणि कव्हरशेजारी ठेवा, मानेचा कोन आणि पिस्तूल धरायची पद्धत बघितली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

खात्री करायची तर जिम्प या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चित्रं दोन लेयरवर घ्या, वरच्याची ओपॅसिटी 50 टक्के करा म्हणजे खालचं आरपार दिसेल, डोळे आणि खांदे जुळवा. चेहऱ्यावर जाऊ नका, चेहरा चित्रकार बदलतो. बोटं, कपड्याच्या चुण्या, सावली कुठल्या बाजूला पडलीय हे बघा, चुण्या कोणी योगायोगाने सारख्या काढत नाही. नुसती डोक्याला पट्टी आणि उघडी छाती दिसली म्हणून रॅम्बोवरून ट्रेस केलंय म्हणू नका, 1986 च्या 'इकारी वॉरियर्स' या गेममध्येही तसेच दोघं पट्टीवाले आहेत, ती त्या वर्षांची हवाच होती.

तारखांचं मात्र फार जपा, इथे भलेभले चुकतात. काँट्रा आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आला 1987 च्या फेब्रुवारीत, 'प्रीडेटर' लागला जूनमध्ये, मग गेमने पिक्चरवरून पोज कशी घेतली? तर आपण बघतोय ते खोकं घरी खेळायच्या आवृत्तीचं, ती 1988 ची. म्हणजे गेमची नाही, त्या खोक्याची तारीख बघायची.

जुळलं की दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावून टाका, खाली दोन्हींचं साल आणि चित्रकाराचं नाव लिहा, नाव खरंच लिहा, हाताने रंगवलेलं काम आहे ते आणि खोक्यावर बहुतेक वेळा नाव नसायचंच.