सोप्यातली रेकॉर्डची बैठक : मिसळ संग्रह चार लोकांना कसा ऐकवावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या घरांतला रेकॉर्डचा संग्रह सहसा एका भाषेचा नसतो. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या, कन्नड भावगीतांच्या ईपी (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्ड), किराणा-जयपूर घराण्यांच्या गायकीच्या एलपी (३३ १/३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्ड), हिंदी सिनेमाची गाणी, मधूनच एखादी बँडची रेकॉर्ड. असा संग्रह सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, लोकांना ऐकवायचा तर "जे जे चांगलं ते सगळं" लावून भागत नाही. वाजवायच्या बाजू मोजक्या हव्यात, एकीतून दुसरी निघायला हवी आणि प्रत्येक बाजू आदल्या दिवशी सुई टेकवून तपासलेली हवी. तपासणी चुकली तर उत्तम निवडही वाया जाते.

किती आणि काय

बैठक दीड तासाची धरा. दहा इंची ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकडीची) एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटे चालते, बारा इंची चार-साडेचार. एलपीची बाजू वीस ते पंचवीस मिनिटांची. ७८ च्या सहा बाजू घेतल्या तर वीस मिनिटे, ईपीवरची चार गाणी चौदा मिनिटे, एलपीची एक अख्खी बाजू बावीस मिनिटे. झाली छप्पन मिनिटे. रेकॉर्ड काढणे, पुसणे, लावणे, दोन वाक्ये बोलणे यांना प्रत्येक वेळी दोन मिनिटे जातातच. चहा धरला की दीड तास भरला. म्हणजे अकरा-बारा वेळा सुई टेकवणे, त्यापेक्षा जास्त नाही. पंचवीस रेकॉर्ड काढून ठेवल्या की घाई होते, आणि घाईत ओरखडे पडतात.

भाषांचे गट पाडू नका. आधी अर्धा तास मराठी, मग अर्धा तास कन्नड असे केले की अर्धी मंडळी आपली पाळी येईपर्यंत गप्पा मारतात. आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला दोन्ही भाषा कमीजास्त कळतात, आणि या भागातले गाणे मुळात दोन्हींतून वाढलेले आहे. त्यामुळे भाषेऐवजी गुरू-शिष्य, राग किंवा एकच आवाज धरा.

सगळ्यात भरवशाचा धागा मिरजेहून निघतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, १९३७ साली गेले. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची ७८ ऐकूनच लहानपणी भीमसेन जोशींना गाण्याचे वेड लागले. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. ते मराठी रंगभूमीवर गाजले. त्यांच्याकडे हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि गदगकडचे भीमसेन शिकले. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकरांनी ख्यालही गायला आणि नाट्यगीतेही. आता क्रम लावा : खाँसाहेबांची ठुमरी, सवाई गंधर्वांची एक बाजू, हिराबाईंचे नाट्यगीत, गंगूबाईंची जुनी ७८, लगेच त्यांचीच नंतरची एलपी, आणि शेवटी भीमसेनांचा एक मराठी अभंग व एक कन्नड दासपद (हरिदास संतांचे भक्तिगीत) पाठोपाठ. शेवटच्या जोडीला घरातली मराठी आजी आणि शेजारचे कन्नड काका दोघेही हमखास मान डोलावतात.

दुसरा धागा जिल्ह्यातलाच. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, सुळेभावीचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचा १८४३ चा, गुर्लहोसूरचा. किर्लोस्करांनी १८८० साली ज्या संगीत नाटकाला आकार दिला त्यातले पद आधी लावावे आणि मग कुमारांचे निर्गुणी भजन. दोन्ही गावे ऐकणाऱ्यांच्या ओळखीची असतात, त्यामुळे कान आपोआप पुढे येतात. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा ख्याल आणि त्यांनीच गायलेले कन्नड वचन (शिवशरण संतांची रचना) ही जोडीही अशीच लावता येते. मात्र ख्याल आधी, वचन नंतर.

सिनेमाचे गाणे एकच ठेवा, तेही चहानंतर लगेच. ते लागले की लोक स्वतः गुणगुणतात, आणि त्यानंतर बारीक आवाजाची जुनी तबकडी लावली तर ती कुणाला ऐकू जात नाही.

वेग आणि सुई

सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. एलपी-ईपीच्या सूक्ष्म खाचेला १ मिल किंवा त्याहून बारीक. एलपीच्या सुईने ७८ लावली की सुई खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखर मोठी येते. लोकांना वाटते रेकॉर्डच खराब आहे. उलट, ७८ ची जाड सुई एलपीवर टेकवली तर एलपी कायमची बिघडते. पालटण्याजोग्या सुईच्या प्लेअरवर प्रत्येक वेळी सुईची बाजू बघूनच हात खाली आणा. प्लेअर एकच असेल तर सगळ्या ७८ सलग आणि सगळ्या एलपी सलग ठेवा, पण मग वरचा धागा थोडा वाकवावा लागेल. दोन प्लेअर मिळाले तर प्रश्नच मिटला.

चावीच्या ग्रामोफोनवर एलपी किंवा ईपी कधीच लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचे, म्हणजे पिन धरणाऱ्या गोल डबीचे, वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असते. एलपी-ईपीच्या मऊ प्लॅस्टिकची (व्हिनाइलची) खाच एका फेरीत सोलली जाते. लाखेच्या ७८ मध्ये दगडाची बारीक पूड मिसळलेली असते, म्हणून ती हा भार सोसते आणि पोलादी पिनेला घासून स्वतःच्या खाचेचा आकार देते. याच कारणाने एका पिनेवर एकच बाजू वाजवायची. झिजलेल्या पिनेच्या कडा दुसऱ्या बाजूला करवतीसारख्या कापतात. बारा बाजूंसाठी पंधरा-वीस पिना जवळ ठेवा आणि वापरलेल्यांसाठी वेगळी डबी; दोन्ही एकत्र झाल्या की ओळखता येत नाहीत. चावी प्रत्येक बाजूआधी भरा, नाहीतर शेवटच्या अर्ध्या मिनिटात सूर उतरतो.

बिजलीच्या प्लेअरवर सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) कागदात दिलेला असतो. चांगल्या चुंबकी कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच ग्रॅम, जुन्या सिरॅमिकला तीन ते पाच. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते असा समज आहे, तो चुकीचा. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि प्रत्येक उडी भिंतीवर ओरखडा काढते.

वेग तपासायला स्ट्रोबची, म्हणजे कडेने रेघा छापलेली, चकती वापरा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ १/३ साठी १८० रेघा, ४५ साठी १३३, ७८ साठी ७७. जुन्या चोकच्या ट्यूबखाली चकती फिरवा : रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर जास्त, उलट्या सरकल्या तर कमी. बहुतेक एलईडी दिव्याखाली ही युक्ती चालत नाही. इन्व्हर्टरवर तर फसगत होते, कारण दिवा आणि मोटर दोन्ही एकाच चुकीच्या वारंवारतेवर चालतात. रेघा शांत दिसतात आणि गाणे मात्र उतरलेले असते. म्हणून ही तपासणी लाइट असतानाच करा, आणि बैठकीत लाइट गेली तर इन्व्हर्टरवर रेटू नका, चहा तेव्हाच वाढा. मोटरचा पट्टा ढिला झाल्याने वेग मंदावत असेल तर पट्टा बदलणे हाच उपाय. ताण देऊन किंवा शिवून चालवलेला पट्टा दर फेरीला सूर हलवतो.

गंगूबाईंच्या जोडीला ही तपासणी विशेष लागते. १९३० च्या दशकात त्या गांधारी हनगल या नावाने गायल्या, आणि तो आवाज बारीक, चढा आहे. नंतरचा त्यांचा सगळ्यांना माहीत असलेला आवाज भारदस्त. दोन्ही पाठोपाठ लावल्यावर कुणीतरी "वेग चुकलाय" म्हणणारच. स्ट्रोब दाखवा आणि घशाच्या दुखण्यानंतर त्यांचा आवाज बदलला, एवढे सांगा. १९२५ च्या आधीच्या, म्हणजे भोंग्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांचे मात्र वेगळे आहे. ती नेमक्या ७८ वर केलेली असतातच असे नाही, म्हणून तिथे चकतीपेक्षा कानावर जास्त विसंबा.

धुणे

खानापूरच्या बाजूने आलेल्या रेकॉर्डवर बुरशी असते, अथणीकडून आलेल्यांत बारीक माती. बुरशीची रेकॉर्ड आधी घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने झटका. आत झटकली तर बुरशी इतरांवर बसते. मातीची आधी कोरडी पुसू नका, कण घासले जातात. तिला सरळ पाणी दाखवा.

एलपी-ईपीसाठी एक लिटर द्रावण : ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब. ७८ ला अल्कोहोल अजिबात नको, लाख त्यात विरघळते आणि चकाकी जाऊन पृष्ठभाग पांढुरका पडतो. सॅनिटायझरही तोच घात करतो. ७८ साठी नुसते डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचे दोन थेंब. मऊ सुती कापडाने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवे कधीच नाही. लेबल भिजू देऊ नका. शेवटी साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून ताटाळ्यात उभ्या वाळवा. पावसाळ्यात हे काम बैठकीच्या किमान दोन दिवस आधी करा. ओलसर रेकॉर्ड पाकिटात गेली की पुन्हा बुरशी.

जागा आणि जोडणी

बारा बाय पंधरा फुटांच्या सोप्यात सतरंजीवर पंधरा माणसे नीट बसतात. ऐकणारे खाली बसणार, म्हणून स्पीकर दोन-अडीच फुटांवर. प्लेअर स्पीकरच्या टेबलावर ठेवू नका. स्पीकरचा हादरा सुईत शिरतो आणि घुमणारा आवाज वाढत जातो. जुन्या घरात माडीची लाकडी तक्तपोशी असेल तर माणूस चालला की सुई उडते. तिथे प्लेअर भिंतीत ठोकलेल्या फळीवर, किंवा खाली कडाप्प्याचा तुकडा आणि त्याखाली रबराचे चार तुकडे.

ॲम्प्लिफायरला "फोनो" लिहिलेली जागा नसेल तर मध्ये फोनो प्रीॲम्प (बारीक इशारा आधी वाढवणारा डबा) लागतो. चुंबकी कार्ट्रिजचा इशारा काही मिलिव्होल्टचाच असतो, साध्या जागी लावला तर आवाज मंद आणि पातळ येतो. सतत घूं असा आवाज येत असेल तर अर्थिंगची वायर ॲम्पच्या स्क्रूला लागलेली नाही. ७८ लावताना मोनोचे बटण दाबा, खरखर पुष्कळ कमी होते. प्रीॲम्पमधून ७८ बसकी वाटली तर ट्रेबल थोडा वाढवा.

दिवस निवडताना गणपती आणि लग्नसराई टाळा. गल्लीत मंडप उभा राहिला की लाखेची तबकडी ऐकू येत नाही.

प्रत्यक्ष बैठकीत

रेकॉर्ड लावणारा एकच, कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) वाढणारा दुसरा. तुपाचा हात खाचेला लागला की धूळ तिथे चिकटून बसते. क्रमाने रेकॉर्ड उभ्या लावून ठेवा, प्रत्येकीत एक चिठ्ठी घाला : गायक, राग किंवा प्रकार, वेग, बाजू, आणि एलपीवरचे कितवे गाणे. मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत लिहिली तर चिठ्ठी फिरवता येते. ४५ च्या काही तबकड्यांचे मधले भोक मोठे असते, त्याची चकती आधीच शोधून ठेवा.

बोलणे रेकॉर्ड लावण्याआधी, दोन वाक्ये. गाणे चालू असताना "आता बघा हां, इथे" असे बोलू नका. तीन मिनिटांच्या गाण्यात तेवढीच जागा असते. आणि सुई लवकर उचलू नका. अगदी जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव सांगते. तेव्हा मुद्रणाचे ठसे जर्मनीला जात, तिथल्या कारागिरांना गाणे कुणाचे ते कळावे म्हणून ही पद्धत होती. ते दोन शब्द ऐकण्यासारखे असतात.

उसनी आणि नक्कल

बैठकीनंतर कुणीतरी रेकॉर्ड मागतेच. एलपी द्या, ७८ शक्यतो देऊ नका. हातातून पडली तर तिचे तुकडे होतात. दिलीच तर उभी, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, आणि दुचाकीच्या डिकीत आडवी नाही. चैत्र-वैशाखात बंद गाडीत एलपी ठेवली तर तासाभरात वाकते, आणि वाकलेली सरळ करायच्या घरगुती उपायांनी खाच जाते. वहीत तारीख, बाजूंची अवस्था आणि लेबलवरचा क्रमांक लिहा.

त्यापेक्षा नक्कल करून देणे बरे. संगणकात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल घ्या, सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. मूळ फाइल न छेडता जपा, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर आणि हलक्या हाताने. जास्त काढली की तंबोरा आणि श्वासही जातो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, आणि शब्द व चालीवरचा कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे. म्हणून लेबलवरचा क्रमांक आणि बाजू संपते तिथे कोरलेला मॅट्रिक्स (मूळ ठशाचा) क्रमांक, दोन्ही फाइलच्या नावातच घाला. मुद्रणाचे साल शोधायला तेच उपयोगी पडतात.