पोराला कोणी मोबाईलवर छळत असेल तर आधी रिसेट मारू नका

मालवण तालुक्यात स्टँडला लागून माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. गणपती उरकून चाकरमानी मुंबईला परतले की एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं, आई नाहीतर मामा, बाजूला आठवी-नववीतलं पोर मान खाली घालून, आणि काउंटरवर मोबाईल ठेवून म्हणतात ह्याच्यातलं सगळं उडवून द्या, नंबर पण बदलायचाय. कोणी काय पाठवलंय का विचारलं की आधी गप्प आणि मग हळूहळू सगळं बाहेर येतं. तर पहिलं हेच सांगतो, रिसेट मारलात की समोरच्याचं काम तुम्हीच करून टाकलंत. मेसेज गेले, नंबर गेला, तारीख-वेळ गेली, आता पोलिसांना दाखवणार काय, आणि त्याच्याकडे तर सगळं तसंच पडलेलं असतं.

दुसरी गोष्ट, पोरं घरी सांगत का नाहीत. मला दुकानात सांगतात पण घरी नाही, कारण एकच, मोबाईल जाईल. सांगितल्याची शिक्षा मोबाईल जप्ती असेल तर कोण सांगेल? म्हणून आज काहीच झालेलं नसताना, जेवताना वगैरे, साधं बोलून ठेवा की कोणी कायपण पाठवलं, तुझ्याकडनं काय चुकून गेलं, तरी आधी मला सांग, मोबाईल काढून घेणार नाही. आणि बोललात तर पाळा. बापूस मुंबईत कामाला असेल तर त्यानं पण फोनवर हेच सांगावं, नाहीतर आई एक सांगते आणि बाबा दुसरंच. आजीला इन्स्टा कळत नसेल पण पोर बदललंय हे सगळ्यात आधी तिलाच कळतं. "तोंड कित्याक पाडून बसलंस गो, तुका जेवक नको?" असं आजी विचारायला लागली की समजा काहीतरी आहे. मोबाईल वाजला की दचकणं, शाळेला जायच्या वेळी पोटात दुखणं, अचानक अकाउंट बंद करणं ही पण तसलीच लक्षणं.

आता इथे हा छळ दिसतो कसा? लोकांना वाटतं हॅकर असेल, कोणीतरी लांबचा. आमच्याकडे बहुतेक वेळा तो त्याच एसटीत दोन सीट मागे बसलेला असतो. एका पोराचा एसटीत तोंड उघडं टाकून झोपलेला फोटो कोणीतरी काढला, कापून त्याचा स्टिकर केला, आणि मग तो क्लासच्या ग्रुपवर काहीही बोलला, होमवर्क जरी विचारला, तरी उत्तर म्हणून तोच स्टिकर, एकामागून एक, पन्नास जणांकडून. शिवी नाही, धमकी नाही, मोठ्यांना दाखवलं तर हसतील. पण त्या पोरानं ग्रुपवर बोलणंच सोडलं, मग मधल्या सुट्टीत पण. मस्करी आणि छळ ह्यातला फरक मी असा बघतो, तो स्वतः हसतोय का, आणि बस कर म्हटल्यावर थांबतात का. बाकी प्रकार म्हणजे पोरीच्या नावानं फेक आयडी, कन्फेशन पेजवर, म्हणजे निनावी गुपितं टाकायच्या पेजवर, नाव न घालता पण सगळ्यांना कळेल असं लिहिणं, शिमग्याच्या रीलमधला चेहरा उचलून दुसऱ्याच फोटोवर लावणं, आणि मुद्दाम एकाला सोडून नवीन ग्रुप काढणं.

पुरावा कसा ठेवायचा. स्क्रीनशॉट काढताना नुसता मेसेज नको, वर नाव किंवा नंबर आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. व्हॉट्सॲपवर कॉन्टॅक्ट उघडून नंबरचा वेगळा शॉट घ्या, कारण तुमच्याकडे सेव्ह केलेलं नाव उद्या कोणाला उपयोगाचं नाही. अख्खी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर टाकता येते. इन्स्टावर युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, फेक आयडीवाले नाव रात्रीत बदलतात. स्टोरी असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग, आणि एकदाच दिसणारा फोटो असेल तर दुसऱ्या मोबाईलनं स्क्रीनचा फोटो. हे झाल्यावरच रिपोर्ट करा, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट उडवायची टिक येते ती नीट बघून मगच ओके.

पण एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. अठराच्या आतल्या पोराचा किंवा पोरीचा नागडा फोटो, व्हिडिओ असेल, खरा असो की बनवलेला, तर त्याचे स्क्रीनशॉट काढत बसू नका आणि "बघा हो काय केलंय" म्हणून भावाला, सरांना, सरपंचाला फॉरवर्ड तर अजिबातच नाही. असलं पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, आयटी ॲक्टच्या कलम ६७ बी खाली पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लिंक, युजरनेम, वेळ वहीत लिहा आणि मोबाईल आहे तसा घेऊन थेट पोलिसांकडे जा.

सेटिंग मी दुकानात फुकट करून देतो पण घरीपण होतं. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत जाऊन ग्रुप्समध्ये माय कॉन्टॅक्ट्स करा, म्हणजे कोणीही उठून ग्रुपात घालणार नाही. प्रोफाइल फोटो पण फक्त कॉन्टॅक्ट्सना. मग लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, सुट्टीत आलेल्या चुलत भावानं गंमत म्हणून त्याच्या लॅपटॉपवर जोडून ठेवलेलं असतं आणि तो मुंबईत बसून सगळं वाचतो, हे मी दरवर्षी बघतो. टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा, आणि तो पिन जन्मतारीख नको.

इन्स्टावर अकाउंट प्रायव्हेट हवंच. टीन अकाउंटला, म्हणजे अठराच्या आतल्यांच्या अकाउंटला, बरीच बंधनं आपोआप लागतात, पण आपली पोरं अकाउंट काढताना जन्मसाल मागचं टाकून मोकळी होतात, मग ॲपला वाटतं हा पंचवीस वर्षांचा बाप्या आहे. ते साल तपासा. कमेंट आणि मेसेज गाळायला हिडन वर्ड्स म्हणून सोय आहे, त्यात मालवणी शिव्या तुम्हाला स्वतः टाकायला लागतात, देवनागरीत पण आणि इंग्रजी अक्षरात लिहितात तशा पण, शिवाय त्या पोराला ज्या नावानं चिडवतात ते नाव. पोराला शेजारी बसवून शिव्यांची यादी करायची, जरा ऑकवर्ड होतं पण चालतं.

ब्लॉक की रिस्ट्रिक्ट? शहरात ब्लॉक करून विषय संपत असेल. इथे ब्लॉक केलं की त्याला कळतं आणि सकाळी एसटीत "काय, ब्लॉक मारलंस?" सुरू होतं. म्हणून वर्गातल्या ओळखीच्या पोरासाठी मी आधी इन्स्टावरचं रिस्ट्रिक्ट सांगतो, त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातो, तुम्ही वाचलंत की नाही ते त्याला कळत नाही. अनोळखी माणूस असेल तर सरळ रिपोर्ट आणि ब्लॉक, तिथे लाज नको.

गेमबद्दल थोडंच. फ्री फायर मॅक्समध्ये फुकट डायमंड देतो म्हणून लॉगिन किंवा ओटीपी मागणारा चोरच असतो, आणि गेममधल्या मित्रानं फोटो मागितला की मैत्री तिथेच संपवायची.

फोटो व्हायरल करीन अशी धमकी आली तर पैसे देऊ नका, एकदा दिले की आकडा वाढतो. आणखी फोटो तर नाहीच नाही. टेक इट डाउन म्हणून अमेरिकेतल्या एनसीएमईसी ह्या संस्थेची फुकट सेवा आहे, अठराच्या आतल्यांच्या फोटोसाठी, त्यात फोटो कुठे अपलोड होत नाही, मोबाईलवरच त्याचा एक कोड बनतो आणि इन्स्टा, फेसबुकसारखी ॲप त्या कोडवरनं तो फोटो हुडकून काढतात. व्हॉट्सॲप चॅटमध्ये फिरत असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवर करता येते, बायका-मुलांच्या प्रकरणात नाव न देता पण. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. फेक आयडीवरनं फसवणुकीला आयटी ॲक्टचंच ६६ डी कलम आहे, ३ वर्षांपर्यंत. आता लोक म्हणतात पोरीला ठाण्यात कशी न्यायची, गावात काय तोंड दाखवायचं. लैंगिक प्रकार असेल तर पोक्सो लागतो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, त्यात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो बाई अधिकाऱ्यानं, आणि वर्दी न घालता. पेपरात नाव-फोटो छापता येत नाही. हे ठाण्यात पण शांतपणे बोलून दाखवा. शाळेत मुख्याध्यापकांना तोंडी नाही, लेखी द्या आणि पोच घ्या.

पोर जगायचंच नाही वगैरे बोलायला लागलं तर त्याला एकटं ठेवू नका. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि सोबत डॉक्टरकडे पण न्या.

आणि स्टिकर बनवणारा तुमचाच झील, म्हणजे मुलगा, निघाला तर? तेव्हा "पोरं आहेत, चालायचंच" म्हणून वाडीच्या बैठकीत मिटवू नका, तिथे समोरच्या पोराची अजून एकदा शोभा होते. घरी बसवून त्याच्याकडनं विचारून घ्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेलं, जिथे डिलीट होतंय तिथे त्याच्याच हातानं करवून घ्या, आणि माफी मागायची तर दोन घरांनी बसून, नंतर ज्या ग्रुपवर खिल्ली उडवली त्याच ग्रुपवर सरळ दोन ओळी, स्मायली न लावता.